वावटळीच्या चेहऱ्याचा नकाशा

सोमवारी सकाळी संपादकबाईंनी रंगवालीला आत बोलावलं, दार लावून घेतलं, समोर पाण्याचा ग्लास सरकवला, आणि तिथंच रंगवालीनं काय ते ओळखलं. ऑफिसात इतकी वर्षं काढल्यावर माणसाला एवढं तरी कळतं. चांगली बातमी कुणी दार लावून सांगत नाही, ती जिन्यातच सांगून मोकळे होतात.

"सातव्या अंकात वावटळ बरी होते," संपादकबाई म्हणाल्या.

"बरी होते म्हणजे? तिला झालंय काय?"

"अहो ताई, कळून न कळल्यासारखं करू नका. डाग जातात. बाविसाव्या पानावर ती वादळाच्या पोटात शिरते, लख्ख उजेड होतो, आणि बाहेर येते तेव्हा चेहरा स्वच्छ. मालकांनी ठरवलंय. लेखकानं लिहून दिलंय, चित्रं आलीयत, आता रंग तेवढे तुमचे. शुक्रवारी पाचच्या आत पान गेलं पाहिजे."

स्वच्छ! शब्द तरी बघा काय निवडला. जणू पोरीनं आजवर तोंडच धुतलं नव्हतं.

आता ही रंगवाली म्हणजे कोण, तर चित्रकार काळ्या रेघांत कॉमिकची पानं काढून देतो त्यांत रंग भरणारी बाई. तिला नाव होतं, अंकाच्या पहिल्या पानावर बारीक अक्षरात छापूनही यायचं, पण शिपायापासून मालकापर्यंत सगळे तिला रंगवालीच म्हणायचे. आणि वावटळ म्हणजे त्या प्रकाशनाची नवी सुपरहिरो. हात गरकन फिरवला की वारा उठतो, गाड्या उलट्या होतात, गुंडांची दातखीळ बसते. पण तिचं खरं वेगळेपण वाऱ्यात नव्हतं. वावटळीच्या चेहऱ्यावर कोड होतं. डाव्या डोळ्याभोवती, ओठाच्या कोपऱ्याशी, हनुवटीच्या उजव्या अंगाला आणि खाली मानेवर, असे पांढरे डाग. त्याआधीचे या मालकांचे सगळे हिरो एका साच्यातून काढलेले, उंच, गोरे, जबडा असा की त्यावर भिंत बांधावी. मग कधीतरी मालकांच्या कानावर आलं की हल्ली सगळीकडे वेगळे हिरो चालतात, लोकांना आपल्यासारखं कुणीतरी पुस्तकात बघायचं असतं. बैठक भरली. "काहीतरी वेगळं सुचवा," मालक म्हणाले. जन्मात बैठकीत तोंड न उघडणारी रंगवाली म्हणाली, "कोड असलेली मुलगी का नको?" सगळे चहाच्या कपात बघायला लागले. पण संपादकबाईंना ते पटलं आणि त्यांनी ते लावून धरलं.

हे तिला सुचलं कुठून, हे मात्र तिनं कुणालाच सांगितलं नाही. ते घरात होतं. ठमी, तिची एकुलती एक मुलगी, तेव्हा तेरा वर्षांची, आठ महिने शाळेत गेलेली नव्हती. कोडाची काही लागण होत नसते हो, हे डॉक्टरांनी वर्गात येऊन सांगितलं होतं, बाईंनी दोनदा सांगितलं होतं. पण शेजारी बसणारी पोरगी बाकाच्या टोकाला सरकायची ती सरकायचीच. एका पोरानं ठमीनं हात लावलेला खडू फडक्यात धरून उचलला. झालं. त्या दिवशी ठमी घरी आली, खिडकीचा पडदा ओढला, आणि पुन्हा म्हणून बाहेर पडेना. रंगवालीनं जिवाचं रान केलं. रागावली, समजावलं, हातापाया पडली, एकदा तर तिच्यासमोर बसून ढसाढसा रडली. ठमीचं एकच, "आई, तू जा ना कामाला, मला काही होत नाही."

वावटळीचं ठरलं तेव्हा रंगवालीनं ठमीचा मोठा फोटो काढला, त्यावर पारदर्शक कागद ठेवला आणि एकेका डागाची कड बारीक पेन्सिलीनं उतरवून घेतली. तोच वावटळीच्या चेहऱ्याचा नकाशा. पोरगी शेजारी उभी राहून चुका काढत होती. "हनुवटीचा लहान काढलास. लबाडी नको हं, आई." मग मायलेकींनी शपथ घेतली की हा चेहरा कुणाचा ते कुणालाही कळता कामा नये. कळलं तर वावटळ वावटळ राहायची नाही, ठमीच होऊन बसेल, आणि ते ठमीला नको होतं.

पहिला अंक बाजारात गेला आणि आठव्या दिवशी गठ्ठेच्या गठ्ठे परत. दुकानदारांनी चिठ्ठ्या लावल्या होत्या, "छपाई फसली आहे, मुलीच्या तोंडाला शाई लागलेली नाही, बदलून द्यावे." मालकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण रंगवालीनं भीत भीत हे घरी सांगितलं तर ठमी हसून हसून लोळायची बाकी राहिली. "म्हणजे मी छापताना राहून गेलेली!" आणि पुढच्या सोमवारी गणवेश घालून दारात उभी. अंक छातीशी धरलेला. "कुणी काही बोललं तर हे दाखवीन," म्हणाली आणि गेली. रंगवाली दाराची कडी धरून किती वेळ उभी होती ते तिचं तिला आठवत नाही. तेव्हापासून दीड वर्ष ठमीनं एक दिवस शाळा बुडवली नाही. वावटळ आहे तशी आहे तोवर ठमी दाराबाहेर पडते. हे इतकं सरळ होतं, आणि शुक्रवारी पाचच्या आत रंगवालीला ते स्वतःच्या हातानं पुसायचं होतं.

"मी नाही रंगवणार," ती संपादकबाईंना म्हणाली.

"मग दुसरा कुणी रंगवील," संपादकबाई म्हणाल्या. बाई वाईट नव्हत्या, त्यांचाही आवाज पडलेला होता. "डाग घालायला तुम्ही लागता ताई. काढायला कुणीही चालतं."

मग रंगवाली तडक मालकांकडे गेली. संपादकबाई मागोमाग आल्या. मालक माणूस गोड, ओरडायचा नाही, समोरच्याला खुर्ची द्यायचा. "असं बघा," ते म्हणाले, "लोकांना जिंकणारी मुलगी हवी. ती बरी झाली म्हणजे जिंकली. यात वाईट काय?"

"ती दर अंकात जिंकतेच की, साहेब. डागांसकट जिंकते."

"तुम्ही फार मनाला लावून घेता बुवा. घरात कुणाला आहे का असं?"

रंगवाली एक शब्द बोलली असती तर कदाचित तिथंच निकाल लागला असता. पण शपथ होती. "नाही," ती म्हणाली. स्वतःच्या पोटच्या पोरीला नाही म्हणाली, आणि ते तिला दिवसभर खात राहिलं.

"वाचकांना ती अशीच हवी असेल, तर वाचक बोलतायत कुठं?" मालक म्हणाले. "मला दुकानदारांच्या चिठ्ठ्या येतात. वाचकांची पत्रं दाखवा. गुरुवारपर्यंत पन्नास आणा, मी शब्द देतो, डाग राहतील. पण एक आहे. सातव्या अंकातली गोष्ट बाहेर फुटली तर मला तुम्हाला ठेवता येणार नाही."

पन्नास! रंगवालीला वाटलं, बुडत्याला दोर मिळाला. कारण वावटळीचे फॅन होते, चांगले हजारभर होते, त्यांचा ग्रुप होता आणि त्या ग्रुपवर ठमी दिवसरात्र पडीक असायची. तिथं कुणाला ठाऊक नव्हतं ती कोण ते. तिच्या तोंडून त्या मंडळींच्या गोष्टी ऐकून ऐकून रंगवालीला ती घरचीच वाटायला लागली होती. कुबड्या घेऊन चालणारा एक मुलगा दर अंकानंतर विचारायचा की माझ्यासारखा हिरो कधी येणार. एक निवृत्त शिक्षिका होत्या, चाळीस वर्षं कोड अंगावर वागवलेल्या, त्यांनी लिहिलं होतं की बासष्टाव्या वर्षी आयुष्यातलं पहिलं कॉमिक विकत घेतलं. आणि नाक मुरडणारेही होते, सुपरहिरोला रोग कशाला, शक्ती आहे तर आधी स्वतःला बरी करत का नाही, असं म्हणणारे. ठमी त्यांच्याशी तासन्‌तास भांडायची आणि जेवायला बोलावलं तरी यायची नाही.

घरी आल्या आल्या रंगवालीनं विषय काढला. चेहरा होईल तितका साधा ठेवला. "ठमे, तुझ्या त्या ग्रुपला सांग ना, ऑफिसला पत्रं लिहा म्हणावं. मेल केली तरी चालेल."

"कशाबद्दल?"

"वावटळीबद्दल. तिच्या चेहऱ्याबद्दल. ती अशी आहे ते आवडतं म्हणून."

"मध्येच हे काय?"

"मालकांना पत्रं आवडतात गं. गुरुवारपर्यंत पन्नास आली तर बरं होईल."

ठमीनं आईकडे असं बघितलं, जसं मोठी माणसं अडाण्याकडे बघतात. "आई, तुला ना फॅन कळतच नाहीत. छान आहे, आवडलं, असं लिहायला कोण बसतंय? लोक भांडायला लिहितात. तू माझ्यावर सोड. पन्नास काय, ढीग लावते."

कसा लावशील, हे रंगवालीनं विचारलं नाही. विचारायला हवं होतं. पण गळ्यापर्यंत पाणी आलेल्या माणसाला कुणी हात दिला की तो हात कुणाचा, कसा, हे बघत नाही. ती फक्त म्हणाली, "तुझ्या तोंडात साखर पडो."

मंगळवारी एकतीस मेल आल्या. बुधवारी दुपारपर्यंत दीडशे. टपाल बघणारा कारकून वैतागून म्हणाला, "काय हो रंगवाली, तुमच्या वावटळीनं आमचं छपरच उडवलंय." रंगवाली त्या दिवशी चक्क गुणगुणत काम करत होती. बाविसावं पान तिनं उघडलंही नाही, कशाला उघडायचं? गुरुवारी सकाळी आकडा तीनशे चाळीसवर गेला. संपादकबाईंनी सगळा गठ्ठा छापून काढून न वाचताच मालकांच्या टेबलावर ठेवला. वाचायला वेळ कुणाला होता, पन्नास मागितली होती आणि तीनशे चाळीस मिळाली होती.

दुपारी मालकांनी दोघींना बोलावलं. पत्रं टेबलभर पसरलेली होती. मालकांनी एक उचललं आणि चष्मा लावून वाचलं, "पाचवा अंक, पान अकरा, तिसरी चौकट. वावटळीचा डाव्या डोळ्याचा डाग उजव्या डोळ्यावर गेला आहे. तुम्हाला आमच्या चेहऱ्याची एवढीही किंमत नाही का?" दुसरं उचललं. "पान अकरा बघून रडू आलं. म्हणजे डाग कुठंही टाकले तरी तुम्हाला सारखेच." तिसरं त्या निवृत्त शिक्षिकांचं होतं. "चाळीस वर्षांत माझा एक डाग या गालावरून त्या गालावर गेला नाही. तुमचे एका पानात कसे गेले, ते कृपया कळवावे."

"तीनशे चाळीस," मालक म्हणाले. "सगळी याच एका चौकटीबद्दल. कौतुकाचं एक दाखवा, मी शब्द पाळतो."

ती चौकट रंगवालीला लख्ख आठवत होती.

त्या चौकटीत वावटळ गुंडांमागे धावते. चित्रकारानं ती उजवीकडून डावीकडे धावताना काढली होती, रंग भरून झाले, आणि शेवटच्या क्षणी संपादकबाईंना वाटलं की वाचक वाचत जातो त्या दिशेनं ती धावली पाहिजे. चित्रकारानं एक बटण दाबून रंगांसकट अख्खी चौकट उलटी केली. डावं उजवीकडे, उजवं डावीकडे. पान परत रंगवालीकडे आलं तपासायला. ती दरवेळी नकाशा हातात घेऊन एकेक चौकट बघायची, डोळा, ओठ, हनुवटी, मान, कधी चुकली नाही. पण या एका चौकटीत तिच्या डोळ्याला काही खटकलंच नाही. का खटकावं? रोज सकाळी ती ठमीच्या मागं उभी राहून तिची वेणी घालायची आणि समोरच्या आरशात तिच्याकडे बघत बोलत असायची. रोजचा, ओळखीचा, लाडका चेहरा तो आरशातलाच होता. उलटा झालेला चेहरा तिला सुलट्यापेक्षा जास्त आपला वाटला. दुसऱ्या कुठल्याही रंगवालीला ती चूक दिसली असती. आई होती म्हणून दिसली नाही.

आणि अंक हातात पडल्यावर ती चूक पकडली होती कुणी? ठमीनं. पान अकरा उघडून खिदळत आली होती. "आई, हा तर माझा आरशातला चेहरा! फसलीस की नाही?" दोघी हसल्या होत्या. ठमीनं तेव्हा ते ग्रुपवर कुणाला सांगितलं नव्हतं, आईची चूक म्हणून झाकून ठेवलं होतं. आता पन्नास पत्रं हवीत म्हटल्यावर तिनं ते काढलं.

"माझं म्हणणं समजून घ्या," मालक शांतपणे सांगत होते. "डाग ठेवले की मोजणारे आले. आज डोळा उजवा की डावा, उद्या कुणी हनुवटीवर पट्टी लावून बसेल. माणसं प्रेमानं करतात हो, मी नाही म्हणत नाही. पण डागच नसले तर चूक कुठून होणार?"

"चूक माझी आहे, साहेब. मला काढा. आजच काढा. डाग ठेवा."

"तुम्हाला कशाला काढू? तुमच्यासारखं काम करणारं माणूस मिळत नाही."

तेव्हा रंगवालीचा बांध फुटला. शपथ गेली, लाज गेली, ती टेबलाची कड धरून म्हणाली, "माझ्या मुलीचा चेहरा आहे तो. सगळे डाग तिचे आहेत, जसेच्या तसे. आठ महिने घरात कोंडून घेतलं होतं तिनं. या पुस्तकाच्या जोरावर शाळेत जाते. मी तुमच्या पाया पडते."

संपादकबाईंनी तोंडावर हात ठेवला. मालकांचे डोळे खरंच ओले झाले, तसे ते हळवे होते. त्यांनी पाण्याचा ग्लास पुढं केला आणि म्हणाले, "मग तर ताई, तुम्हाला आनंदच व्हायला हवा. वावटळ बरी झालेली बघून पोरीला किती आशा वाटेल!"

भिंतीशी भांडता येतं, ती निदान आपण भिंत आहोत हे मान्य करते.

शुक्रवारी संपादकबाईंनी तिला घरून काम करायला सांगितलं. तेवढंच त्यांच्या हातात होतं. सकाळी ठमीची वेणी घालताना रंगवालीनं आरशात बघायचं टाळलं. पोरगी आनंदानं उड्या मारायची बाकी होती, मालक काय म्हणाले, पत्रं वाचली का, पुढच्या अंकात चूक दुरुस्त केल्याचं छापणार का, शंभर प्रश्न. "वाचली," एवढंच रंगवाली म्हणाली.

घर रिकामं झाल्यावर तिनं पान उघडलं. आधी बाकीचं सगळं रंगवलं. वादळ रंगवलं, ढग रंगवले, गच्चीची एकेक फरशी रंगवली, लांबच्या इमारतींच्या खिडक्यासुद्धा रंगवल्या ज्या कुणी बघणार नव्हतं. एक वाजला. डाग तसेच ठेवून पान पाठवून द्यावं असं दहादा मनात आलं. पण सहाला मालक स्वतः नमुना बघणार होते, डाग दिसले तर दुसरा कुणीतरी दहा मिनिटांत घाईघाईनं थापून टाकणार. ठमीच्या चेहऱ्यावर परक्या माणसानं बोळा फिरवावा, हेही तिला सोसेना. दोन्हीकडून फास. तीन वाजता ती डागांकडे वळली.

संगणकावरच्या चित्रात डाग वेगळ्या थरावर असायचे, आणि नेहमीच्या सवयीनं तिनं या पानावरही ते आधीच घातले होते. एक बटण दाबलं की अख्खा थर दिसेनासा होतो. तिनं दाबलं, आणि डाग गेले, पण खाली कातडीच नव्हती. दीड वर्षात तिनं त्या जागी कधी रंगच भरला नव्हता, कारण तिथं डाग असणारच होते. डोळ्याभोवती, ओठाशी, हनुवटीवर कोरा कागद राहिला होता. म्हणजे नुसतं काढून भागणार नव्हतं, भरायचं होतं. तिनं चेहऱ्याचा तपकिरी रंग घेतला आणि भरायला लागली. पापणीच्या कडेला आली तेव्हा तिनं दुसऱ्या हातानं मनगट धरलं. "माफ कर गं बाई मला," ती पडद्यावरच्या चेहऱ्याला म्हणाली. हे कुणाला सांगत होती, वावटळीला की ठमीला, देव जाणे.

साडेचारला कडी वाजली. रंगवालीला पान मिटवायचं भानच राहिलं नाही. ठमी दप्तर भिरकावून तशीच आत आली, गाल फुललेले. "आई, आज चारशेच्या वर गेली असतील बघ! तो कुबडीवाला म्हणाला, तुझ्यामुळं पहिल्यांदा वाटलं की आपलं कुणी—"

ती थांबली. पडद्यावर वावटळ होती. स्वच्छ.

"हे काय?"

"सातवा अंक," रंगवाली म्हणाली.

"डाग कुठायत?"

"जातात. शेवटच्या पानावर."

ठमी दोन पावलं पुढं आली. पोरगी हुशार होती, नको तितकी हुशार. दोन अधिक दोन करायला तिला वेळ लागायचा नाही, आणि रंगवालीला तिच्या चेहऱ्यावर ती बेरीज होताना स्पष्ट दिसली. "पत्रांमुळं झालं का हे? आई? मी चूक काढायला सांगितली, म्हणून त्यांनी..."

"छे! पत्रांचा काय संबंध?"

रंगवालीच्या तोंडून ते इतक्या झटक्यात बाहेर पडलं की तिचं तिलाच नवल वाटलं. मग पुढचंही आपोआप आलं. "दोन महिन्यांपूर्वीच ठरलंय. पत्रं यायच्या कितीतरी आधी. मला तेव्हाच विचारलं होतं."

"तुला विचारलं?"

"हो."

"मग तू काय म्हणालीस?"

एक क्षण रंगवालीनं डोळे मिटले. पोरीनं आयुष्यभर स्वतःला बोल लावत बसण्यापेक्षा मला लावला तर बरा, मी घेईन. माझी पाठ निबर झालीय, तिची अजून नाही. "मी हो म्हणाले," तिनं सांगितलं. "नोकरी आहे बाळा. आणि मलाही वाटलं की होऊ दे एकदा बरी."

"मग मला पत्रं कशाला लिहायला लावलीस?"

"तुला बरं वाटावं म्हणून," ती म्हणाली.

आता ठमी ओरडेल, दप्तर फेकेल, दार आपटेल, नाही नाही ते बोलेल, याची तिनं तयारी केली. बोल बाई, काय वाटेल ते बोल, रागाला मी पुरून उरेन. पण ठमी ओरडली नाही. तिनं कोपऱ्यातलं स्टूल ओढलं, आईच्या शेजारी बसली आणि पडद्याकडे बघत राहिली. मोकळ्या डोळ्याकडे, सरळ ओठांकडे, एकरंगी हनुवटीकडे.

"छान दिसते गं," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता. "खरंच छान दिसते. तू म्हणतेस ते बरोबर आहे."

"ठमे, तसं नाही गं..."

"मग कसं?"

सगळं खोटं आहे, मी कधीच हो म्हणाले नाही, तुझा एकेक डाग मी देवासारखा जपला, हे सगळं रंगवालीच्या ओठांवर आलं होतं. पण ते सांगायचं तर पत्रांचंही सांगावं लागलं असतं. फोन वाजायला लागला, संपादकबाईंचा होता, आणि दोघींपैकी कुणी तो उचलला नाही.

"पाच वाजत आले," ठमी म्हणाली. "पाठव ना. उशीर होईल तुला."

रंगवालीनं पान पाठवून दिलं.